निळ्या मुंग्या

पहाटे चारला शेवरोले नाही म्हणाली.
सेल्फ मारला की घर्र घर्र फिरते,
फिरते, फिरते, पेटत मात्र नाही.
एखाद्यानं आपलं सगळं म्हणणं ऐकून घ्यावं
आणि शेवटी उठून पाणी प्यायला जावं, तशी.

मागं बावीस पोती बटाटे,
जांभळे, वाकडे, किंचाओ बेटाच्या मातीसकट.
पाचची फेरीबोट, पलीकडे दाल्काउएचा बाजार,
आणि धुकं इतकं ओलं
की बोनेटवर बोटानं नाव लिहिलं तर
अक्षरं ओघळून जातात.

एकोणसत्तरची गाडी. माझ्याहून तीन वर्षांनी थोरली.
भाऊ दक्षिणेला मासळीच्या बोटीवर गेला तेव्हा
किल्ली हातात ठेवून म्हणाला होता,
"चोक जास्त देऊ नकोस, ओतिलिया, रुसते."
एवढंच.
वीस वर्षांच्या संसारातलं
एवढं एकच सांगण्यासारखं.

मानसिया खिडकीतून ओरडला, पेट्रोल संपलंय!
त्याची बायको आतून, बॅटरी!
त्यांचं यावरूनच जुंपलं, खिडकी बंद झाली.
आणि माझ्या हातातली बॅटरी, गाडीतली बॅटरी,
दोघी सारख्याच पिवळ्या पडत चाललेल्या.

मग रुदेसिंदो आला. लोकरी टोपी, गुडघ्यापर्यंत गमबूट,
वर पायजमाच. वय अठ्ठ्याहत्तर.
"घोडं कुठं पेंड खातंय," म्हणाला,
"ते घोड्यालाच विचारू."

कार्बोरेटरची नळी सोडली. पेट्रोल आलं.
त्यानं हात हुंगला, मलाही हुंगायला लावला.
एक प्लग काढला, ओला.
"म्हणजे पितेय. पण पेटत नाही."
डिस्ट्रिब्यूटर उघडून
सिगारेटच्या पाकिटाचा एक तुकडा
पॉइंटच्या फटीतून ओढला, दोनदा,
दातात अडकलेलं काढावं तसा.
बसवलं. मार.
घर्र घर्र.
काही नाही.

मी घड्याळ बघितलं. त्यानं मला बघताना बघितलं.
"बत्ती घालव."
इथं मला दिसत नाही आणि हा म्हणतो बत्ती घालव.
"घालव, आणि पोरीला सेल्फ मारायला सांग."

अंधार. नयारेतनं किल्ली फिरवली.

आणि मग दिसलं.
डिस्ट्रिब्यूटरच्या काळ्या टोपीवरून, ओल्या वायरींवरून
निळ्या मुंग्या पळत होत्या, बारीक, टिक टिक करत,
लोखंडाकडे, पत्र्याकडे, धुक्याकडे,
जिकडे वाट मिळेल तिकडे.
ठिणगी होती की. भरपूर होती.
नुसती बाहेरच्या बाहेर सांडत होती.
आम्ही दोघं बोनेटखाली वाकून बघत राहिलो,
जरुरीपेक्षा थोडा जास्तच वेळ.
"आई, अजून मारू?"
"मार," रुदेसिंदो म्हणाला. उगाचच.

टोपी काढून आणली स्वयंपाकघरात.
चुलीच्या पोटात, पावाशेजारी, दहा मिनिटं.
वायरी टॉवेलनं पुसल्या, तान्ह्या पोराची बोटं पुसतात तशा.
वाळल्यावर दिसली चीर, केसाएवढी.
"नखांना लावायचं लाल ते आहे का कुणाकडे?"
नयारेतनं बाटली दिली,
पण सोडली नाही. त्याच्या हातावर हात धरून
तिनंच चीर भरली, जीभ बाहेर काढून, एका दमात.

तेवढ्यात भोंगा वाजला. पाचची गेली.
कुणी काही बोललं नाही.
पाव जळला होता थोडा.

पाच पंचवीसला लागली.
एकदा खोकली, दोनदा,
मग सहाही सिलिंडर एकमेकांना सामील झाले
आणि मानसियाची खिडकी पुन्हा उघडली:
"मी म्हणालो नव्हतो?"

रुदेसिंदोनं पैसे घेतले नाहीत. बटाटे घेतले,
निवडून, अकरा.
पुढची फेरी सातला.
तोवर आम्ही अंगणात माते पीत उभे राहिलो,
नळी एकाकडून दुसऱ्याकडे.
गरम टोपीवरून नेलपॉलिशचा वास येत होता,
पेट्रोल दीड तास फुकट जळत होतं,
आणि किल्ली बंद करायचा धीर
कुणालाच झाला नाही.